एकशे बारावा समेट

त्या घरात सकाळी सातला रेडिओ लागायचा तो बातम्यांसाठी. पावणेआठला त्याचा आवाज एकदम वाढला, की शेजारच्यांनी ओळखायचं: करवत्याच्या शर्टाचं बटण तुटलंय, नाहीतर चहा गार झालाय, नाहीतर काहीच झालेलं नाही.

करवत्या म्हणजे घरातला धाकटा मुलगा. लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर उभं राहून त्याला पंधरा वर्षं झाली होती आणि दहाही बोटं अजून शाबूत होती. त्या धंद्यात याहून मोठं प्रमाणपत्र नाही. वखारीत त्याचा आवाज कधी चढला नाही. रस्त्यात एखादी म्हातारी दिसली, की तिच्या हातातली पिशवी घेऊन तो घरापर्यंत पोहोचवायचा. बाहेर गाय आणि घरात वाघ, असली माणसं थोडी नाहीत. ज्यांनी गायच पाहिलेली असते ते वाघाची गोष्ट ऐकून घेत नाहीत, हीच खरी गोम आहे.

त्या मंगळवारी बटणच होतं.

"हे काय?" त्याने मनगट पुढे केलं.

"आत्ता लावून देते." बायको सुई शोधायला वळली. घरातली ती धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत.

"आत्ता? काल दिवसभर काय करत होतीस?"

"काल सांगितलं नव्हतंत तुम्ही."

एवढं बोलायची काही गरज नव्हती, असं सासूबाई नंतर म्हणाल्या. पहिली थप्पड कानावर बसली. दुसरी चुकवायला ती वाकली, तर त्याने केस धरले. सासूबाई बटाटे सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली न ठेवता डाव्या हाताने रेडिओची कळ फिरवली आणि म्हणाल्या, "चिमणे, खिडकी."

चिमणी म्हणजे धाकटीची मुलगी, नऊ वर्षांची. तिने दप्तर खाली ठेवलं, स्टूल ओढलं, आधी रस्त्याकडची खिडकी लावली, मग शेजाऱ्यांकडची. दोन्हींना कडी घातली. सहाव्या वर्षापासून हे काम तिच्याकडे होतं आणि पाढ्यांसारखं तोंडपाठ झालं होतं.

तेवढ्यात करवत्याने बायकोला भिंतीवर ढकललं. तिचं डोकं तिथे टांगलेल्या फोटोवर आपटलं, फोटो खाली पडला आणि काचेला आरपार तडा गेला. करवत्या क्षणभर थांबला.

"ताईंचा फोटो फोडलास?"

यापुढे जे झालं ते बटणासाठी नव्हतं, फोटोसाठी होतं. ती खाली पडली होती आणि त्याच्या पायात वखारीचे जाड तळव्याचे बूट होते. एक, दोन, तीन. रेडिओवर कुणीतरी शेअर बाजाराचे भाव वाचत होतं. मग त्याने दुसरा शर्ट घातला, आईला "येतो" म्हणाला आणि कामावर गेला. धाकटीच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या.

फोटोत तीन माणसं होती. उजवीकडे करवत्या, डावीकडे भुवईवर पट्टी लावलेली धाकटी, आणि मध्ये दोघांचे हात हातात घेऊन हसणाऱ्या खासदारबाई.

खासदारबाईंबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण त्या वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने त्या राजधानीतून येत, शनिवारी नऊ ते दोन आपल्या कचेरीत लोकांना भेटत आणि रविवारी परत जात. म्हाताऱ्यांची अडकलेली पेन्शन त्यांच्या एका फोनवर सुटायची. रुळांवरच्या फाटकापाशी पूल व्हावा म्हणून त्या चार वर्षं मंत्र्याच्या मागे लागल्या होत्या. बायकांच्या सुरक्षिततेवर सभागृहात अकरा वेळा बोलल्या होत्या, आणि अकराही वेळा मनापासून बोलल्या होत्या.

आणि त्या संसार जुळवत असत.

याची सुरुवात कुणी केली ते आता कुणाला सांगता येत नाही. पण मार खाल्लेली बाई पोलीस चौकीत गेली, की फौजदार पेन उचलण्याआधी विचारायचा, "ताईंकडे जाऊन आलात का?" मग शनिवारी दोन्हीकडची माणसं कचेरीत यायची. ताई नवऱ्याला फैलावर घ्यायच्या. तो मान खाली घालायचा. समेटाच्या छापील कागदावर दोघांच्या सह्या व्हायच्या, ताईंचा शिक्का बसायचा, फोटो निघायचा. सोमवारच्या पेपरात बातमी असायची: 'खासदारांनी जोडला आणखी एक संसार'. कागदाची एक प्रत चौकीत जायची आणि तक्रार तिथेच निजायची. कचेरीतल्या फळ्यावर खडूने आकडा लिहिलेला असे. धाकटीचा समेट एकशे बारावा.

त्या शनिवारी करवत्याचा मोठा भाऊही हजर होता. तो ताईंच्या पक्षाचा वस्तीतला माणूस. निवडणुकीत मतदान केंद्राबाहेरचं टेबल सांभाळायचा आणि एरवी हार्डवेअरचं दुकान. सगळं त्यानेच जमवून आणलं होतं.

"बायकोवर हात उचलायला लाज नाही वाटत?" ताई कडाडल्या.

"चुकलं, ताई."

"परत?"

"नाही, ताई."

"शब्द दिलायस हं." त्यांनी दोघांचे हात एकमेकांत दिले.

"हसा की जरा," फोटोवाला म्हणाला. फोटोत तिघंही हसताहेत. धाकटीला त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

घरी आल्यावर करवत्याने तो फोटो चांगल्या सागवानी चौकटीत स्वतः बसवला. हाताला कसब होतं त्याच्या.

बरगड्या मोडल्या त्याच आठवड्यात, शुक्रवारी, सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या. धाकटीने चिमणीचं दप्तर घेतलं, स्वतःचं काहीच घेतलं नाही, आणि दोघी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात गेल्या. आईकडे का गेली नाही, असं विचाराल. आईकडे ती आधी तीनदा जाऊन आली होती. "दोन भांडी एकत्र आली की वाजायचीच," असं म्हणून आईने तिला तिन्ही वेळा स्वतः परत नेऊन सोडलं होतं.

छातीला पट्टे बांधून ती बाकावर बसली होती, तेव्हा खालच्या धुलाईखान्याची मुकादम चादरी गोळा करायला आली. साठीची, आडव्या हाडाची, सोड्याने हात पांढरे पडलेले. तिला सगळं रुग्णालय मावशी म्हणायचं, थोरले डॉक्टरसुद्धा.

"कुठे जाणार?" मावशीने विचारलं.

"माहीत नाही."

"मग चल. माहीत नसलेल्या ठिकाणापेक्षा धुलाईखाना बरा. ऊब तरी असते."

धुलाईखान्यामागच्या खोलीत मावशी एकटी राहायची, आता तिघी राहू लागल्या. दहा दिवसांनी धाकटी कामाला लागली. मावशीने पहिला धडा दिला तो रक्ताचा. "आधी गार पाण्यात भिजव. घाईघाईने गरम पाण्यात टाकलंस तर डाग जन्मात जायचा नाही." चादरी मोठ्या हौदात फिरवायला पुरुषभर उंचीचे लाकडी दांडे होते आणि कडेला वाफेवर तापणारं इस्त्रीचं यंत्र. इतक्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू जात नसे, आणि धाकटी बऱ्याच वर्षांनी गाणं गुणगुणायला लागली होती. मावशी तिच्या कानाशी येऊन ओरडायची, "बेसूर आहेस गं!"

प्रश्न राहिला चिमणीच्या शाळेचा. रुग्णालयाला लागूनच शाळा होती, पण मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "वडिलांची सही लागते. नियम आहे."

"वडील सही करायचे नाहीत."

"मग आम्ही तरी काय करणार? तुम्ही ताईंची चिठ्ठी आणा."

धाकटीने दोन संध्याकाळ बसून पत्र लिहिलं. वळणदार अक्षरात, एक शब्दही न खोडता. तिने ताईंना समेटाची आठवण करून दिली, तो टिकला नाही हे एका ओळीत लिहिलं, आणि वडिलांच्या सहीशिवाय मुलीला शाळेत घ्यावं एवढंच मागितलं. शेवटी लिहिलं: 'मी सध्या रुग्णालयाच्या धुलाई विभागामागे राहते. हा पत्ता कृपा करून कुणाला सांगू नये. घरी तर मुळीच नको.'

ताईंच्या कचेरीचा कारभार एका वयस्कर गृहस्थांच्या हातात होता. त्यांना सगळे पोचपावतीकाका म्हणत. आलेल्या प्रत्येक पत्राला आठ दिवसांत उत्तर जाणारच, हे त्यांचं व्रत होतं. नऊ वर्षांत एक पत्र चुकलं नव्हतं. ताई दोनदा निवडून आल्या त्यात काकांच्या टपालाचा वाटा भाषणांपेक्षा मोठा होता, असं खुद्द ताईच म्हणत. यासाठी काकांनी मतदारांची कार्डं केली होती. घरटी एक कार्ड. वर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पत्ता, खाली बायको, मुलं, म्हातारी माणसं. चौतीस खणांचं ते कपाट म्हणजे काकांचा जीव होता.

काकांनी धाकटीचं पत्र वाचलं. त्यांना वाईट वाटलं. शेवटच्या ओळीखाली त्यांनी लाल पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बजावलं, "हे बाहेर कुठे बोलायचं नाही हं." शाळेला शिफारसपत्र त्याच दिवशी रवाना केलं. मग धाकटीला पोच लिहिली, नेहमीप्रमाणे कपाटातून कार्ड काढलं, करवत्याचं, आणि त्यावरचा पत्ता पाकिटावर उतरवला. पाकिटावर नाव धाकटीचंच होतं. आपण कुणाला काही सांगतो आहोत असं काकांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी बायकोच्या नावाचं टपाल तेच फोडत असत, आणि त्यात काही वावगं आहे असं त्या दोघांना चाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

ताईंनी सही स्टेशनवर जाताना गाडीत केली. मांडीवर सत्तर पत्रांचा गठ्ठा होता, आणि फाटकापाशी गाडी अडकली म्हणून सगळ्या सह्या उरकल्या. वाचायला वेळ नव्हता; त्या पुलाच्या भाषणाची टिपणं काढत होत्या.

बुधवारी दुपारी पोस्टमनने पाकीट करवत्याच्या दारातून आत सरकवलं. गुरुवारी करवत्या वखारीत गेला नाही.

साडेदहाला तो धुलाईखान्यात आला तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि खिशात पत्र. दारातल्या बाईला त्याने नम्रपणे विचारलं, "माझी मिसेस इथे असते ना?" तिनेच बोट दाखवलं. तिला तरी काय माहीत.

धाकटी यंत्रापाशी चादर सरळ करत होती. आवाजात तिला पावलं ऐकू आली नाहीत. मानेवर हात पडला तेव्हाच कळलं.

"खासदाराला कागद लिहितेस?" तो तिच्या कानात म्हणाला. आवाज अजूनही चढला नव्हता. "माझी सही नको काय तुला?"

त्याने तिचा उजवा हात मनगटात धरला आणि पंजा उघडा करून तापलेल्या पत्र्यावर दाबला. करवतीवर फळी दाबतात तसा, अंगाचा भार देऊन. तिची किंकाळी यंत्राच्या घरघरीवर गेली आणि पलीकडे साबणाच्या पोत्यावर गृहपाठ करत बसलेल्या चिमणीने वर पाहिलं.

चिमणी उठली. तिने वही बाजूला ठेवली, एक बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि धुलाईखान्याची खिडकी लावून घेतली. मग दुसरी. तिसरीची कडी गंजलेली होती, तरी ती दोन्ही हातांनी ओढत राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे लिहायलाच हवं, कारण त्या दिवशी तिथे घडलेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच सर्वांत भयंकर वाटते.

मावशी हौदाकडून धावत आली. हातात ओली चादर होती, तीच तिने मागून करवत्याच्या डोक्यावर टाकली आणि आवळली. तो आंधळा झाला. बायकोला सोडून त्याने हात फेकले, त्याला भिंतीला टेकलेला लाकडी दांडा सापडला आणि त्याने तो गरकन फिरवला. दिसत काहीच नव्हतं त्याला. पहिला तडाखा धाकटीच्या खांद्यावर बसला. दुसरा मावशीच्या कानशिलावर.

मावशी आवाज न करता बसली आणि मग आडवी झाली. चार बायकांनी मिळून करवत्याला त्याच चादरीत गुंडाळला, अंगावर बसल्या, आणि पोलीस येईपर्यंत उठल्या नाहीत. त्यातल्या एकीने त्याचं मनगट इतकं चावलं होतं की टाके घालावे लागले. मावशीला वरच्या मजल्यावर नेलं. तीस वर्षं जिथल्या चादरी तिने धुतल्या त्याच मजल्यावर. संध्याकाळी पाच वाजता ती गेली.

शनिवारी नऊ वाजता कचेरीत पहिला नंबर करवत्याच्या मोठ्या भावाचा होता. ताईंना दार लावून घ्यायला सांगून तो बसला.

"ताई, धुलाईखान्यात साबणच साबण. म्हातारी घसरली. धाकटीने एवढंच सांगायचंय. हात काय, यंत्रावर पडला चुकून. तुमच्या शब्दाबाहेर नाही ती."

"अरे, माणूस मेलंय."

"तेच म्हणतो मी. एक गेलं, आता दुसऱ्याला कशाला तुरुंगात मारायचं? पोरीचं काय?" त्याने खुर्ची पुढे ओढली. "आणि निवडणूक आठ महिन्यांवर आलीय. आपल्या वस्तीत काय काय अफवा उठतील, मी एकटा कुठे पुरा पडणार? पुलाचंही होऊन जाऊ दे एकदाचं. चांगलं चाललंय आपलं."

ताई रुग्णालयात गेल्या. तिथे काय बोलायचं हे ठरलं नव्हतं, असं त्या पुढे सांगायच्या. मला ते पटत नाही. फोटोवाला बरोबर होता.

धाकटीचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. खाटेच्या कडेला चिमणी पाय हलवत बसली होती. खिडकी उघडी होती आणि खालच्या आवारात माणसांची वर्दळ होती.

"कशी आहेस?" ताईंनी खुर्ची ओढली.

"जिवंत आहे."

"तुझे मोठे दीर आले होते माझ्याकडे. ते म्हणत होते..."

"मावशी घसरली म्हणून. मलाही सांगून गेलेत."

"हे बघ, तुझ्यावर काय गुदरलंय ते मला कळतंय. पण मुलीचा विचार कर. उद्या तिला लोक म्हणतील, हिचा बाप..."

"ताई," धाकटी म्हणाली, "त्यांना माझा पत्ता कुणी दिला, ते विचारलंत का कुणाला?"

"कुणी दिला?"

धाकटीने मान हलवली तशी चिमणीने उशीखालून एक पाकीट काढलं. झटापटीत ते करवत्याच्या खिशातून पडलं होतं. ओलं होऊन वाळलं होतं, तरी अक्षरं वाचता येत होती. 'आपले पत्र मिळाले. आपण सध्या रुग्णालयाच्या धुलाई विभागामागील खोलीत राहत असल्याची नोंद घेऊन, आपल्या कन्येस लगतच्या शाळेत प्रवेश मिळावा अशी शिफारस केली आहे. कळावे.' खाली ताईंची निळ्या शाईची सही.

ताईंनी ते दोनदा वाचलं. मग पाकीट उलटं करून पत्ता वाचला.

"हे... हे मी वाचलं नव्हतं गं."

"सही आहे."

"हो. सही माझीच आहे."

"मग ऐका आता." धाकटी डाव्या कोपरावर रेटा देऊन उठली. बरगड्या अजून दुखत होत्या, तरी उठली. "मावशी घसरली नाही. त्यांनी मारली. माझा हात त्यांनी दाबून धरला. मी चौकीत सांगणार, कोर्टात सांगणार, जो विचारेल त्याला सांगणार. तुमच्या कागदावर एकदा सही केली, बस झालं. आता कापून टाका हवं तर हात, सही करायची नाही मी!"

तिचा आवाज चढत चालला होता. शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. चिमणी टुणकन खाली उतरली, खिडकीपाशी गेली आणि टाचा उंचावून तिने कडीला हात घातला.

"चिमणे," धाकटी म्हणाली, "राहू दे. उघडीच राहू दे."

मुलगी गोंधळून तशीच उभी राहिली. ताईंनी हे सगळं पाहिलं. काय पाहिलं ते त्यांना लगेच कळलं असावं, कारण त्यांनी मागे न बघता फोटोवाल्याला सांगितलं, "तुम्ही जा." मग त्या रडल्या. रडल्याने कुणाचा हात बरा होत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

"मी हे सभागृहात मांडते," शेवटी त्या म्हणाल्या. "तुझं नाव घेतलं तर चालेल?"

"माझं कशाला?" धाकटी उशीवर टेकली. "तुमचं घ्या."

पुढच्या बुधवारी सभागृहात खासदारबाईंना तीन मिनिटं मिळाली होती. ती पुलासाठी होती, आणि चार वर्षांनी मिळाली होती. त्या उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि त्यांनी स्वतःचं पत्र वाचलं. सुरुवातीपासून सहीपर्यंत. मग पाकिटावरचा पत्ता कुणाच्या घरचा होता ते सांगितलं, आणि ते तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजता काय घडलं ते सांगितलं.

"हे पत्र मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "न वाचता सही केली. त्याआधी याच बाईला मी तिच्या घरी परत पाठवलं होतं, फोटो काढून. माझ्या मतदारसंघात असे एकशे बारा समेट झालेत. माझ्या शिक्क्यामुळे एकशे बारा तक्रारी चौकीत लिहिल्या गेल्या नाहीत. लोकप्रतिनिधीचा कागद दाखवून कुठलाही पोलीस बाईची तक्रार नाकारणार नाही, असा कायदा करा. पहिला आरोप माझ्यावर ठेवा."

मागच्या बाकांवरून कुणीतरी हसत म्हणालं, "ताई, घरातली बाब आहे, घरात मिटवा!" ताई त्याच्याकडे वळल्या. "मिटवलीच होती," त्या म्हणाल्या. "त्यात एक बाई मेली." सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. विधेयकाचा मसुदा त्यांनी महिन्याभरात दिला. तो अजून यादीतच आहे. पुलाचा नंबर गेला तो गेलाच.

कचेरीत पोचपावतीकाका रेडिओवर ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी कपाटाचा पहिला खण ओढला, कोरी कार्डं घेतली आणि घरातल्या प्रत्येक बाईचं वेगळं कार्ड करायला बसले. पत्त्याची जागा त्यांनी रिकामी सोडली. ती जिची तिने येऊन सांगायची. मावशीचं कार्ड त्यांनी शोधलं तेव्हा कळलं, ते नव्हतंच. ती कुठल्याच कुटुंबप्रमुखाखाली येत नव्हती. त्या रात्री घरी गेल्यावर त्यांनी बायकोच्या नावाने आलेलं पत्र न फोडता तिच्या हातात दिलं. "काय झालं? कुणी गेलं का?" असं तिने घाबरून विचारलं.

फळ्यावरचा आकडा ताईंनी पुसला नाही. भाषणानंतरच्या शनिवारी त्यांनी भेटी बंद ठेवल्या, समेटांची यादी घेतली आणि पायी निघाल्या. बरोबर कुणी नाही.

पहिलं घर एका रंगाऱ्याचं होतं. आतून रेडिओचा आवाज येत होता, जरा जास्तच मोठा. ताईंनी दार वाजवलं तसा तो आणखी वाढला. त्या वाजवतच राहिल्या. अखेर दार हातभर उघडलं आणि फटीत एक बाई दिसली, ओल्या हातांची, एका डोळ्याखाली पिवळी पडलेली जुनी सूज असलेली. तिच्या मागे भिंतीवर फोटो होता. त्यात ताई हसत होत्या.

"कोण आहे?" आतून पुरुषी आवाज आला.

त्या बाईकडेच बघत ताई म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला इथे परत पाठवलं. त्या वेळी तुम्हाला एक गोष्ट विचारायची राहून गेली. तुम्हाला यायचं होतं का?"

बाईने एकदा मागे पाहिलं. मग ती बाहेर पायरीवर आली, दार मागे सताड उघडं ठेवून, आणि रेडिओच्या वर जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"नव्हतं!"